कुठलं कोल्हार?

सरांना नुसतं गावाचं नाव सांगणं हा गुन्हा होता, आणि मी तो नोकरीच्या पहिल्याच दिवशी, खुर्चीला पाठ टेकायच्या आत केला. "कुठली तू?" असं त्यांनी विचारलं आणि मी सरळ मनानं "शेवगाव" म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, शेवगाव का शेगाव? मी म्हटलं, शेवगाव. तालुका? शेवगावच. जिल्हा? मी त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही बसलो होतो त्या जिल्ह्यातच शेवगाव होतं आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण मी "नगर" म्हणेपर्यंत त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

नगरच्या वेशीबाहेर एक धर्मादाय नेत्र रुग्णालय होतं, तिथल्या संगणक विभागात आम्ही दोघं. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. सर विभागप्रमुख आणि मी विभाग. त्याआधी सरांची उमेदीची वर्षं रेल्वे टपालात गेली होती. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं गावागावाच्या खणांत टाकायची, हेच त्यांचं काम. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कॉलेजातल्या मुलांच्या शेजारी बसून संगणकाचा क्लास केला. तिथल्या शिक्षकाचं काय झालं असेल याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येई, कारण मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटे.

टपालातून बाहेर पडले तरी टपाल त्यांच्यातून बाहेर पडलं नव्हतं. जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या, त्या नावाची आणखी किती गावं आहेत, कुठलं बुद्रुक, कुठलं खुर्द, कुठं कोणती आडनावं, हे सगळं त्यांना पाठ. तुम्ही सहज "मामा कोल्हारला असतो" म्हणालात की संपलंच. कुठलं कोल्हार? प्रवरेच्या काठावरचं, राहाता तालुक्यातलं बुद्रुक? नदीच्या पलीकडचं, राहुरी तालुक्यातलं खुर्द? का तिकडं डोंगरात, पाथर्डी तालुक्यातलं? सर तालुक्यांऐवजी देवींची नावं घेत, राहात्याची भगवती आणि पाथर्डीची कोल्हूबाई. "भगवतीचं का कोल्हूबाईचं?" असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत मामाची हकिकत पुढं सरकू देत नसत. लोकांनी त्यांना मामाबद्दल सांगणंच सोडून दिलं होतं.

एकदा आमच्या नोंदणी खिडकीवरच्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत स्थळ म्हणून नुसतं "बेलापूर" छापलेलं. आम्ही पाच जण जीपमध्ये बसलो, नवे कपडे, आहेर, सगळं. सर पत्रिका हातात धरून खालीच उभे. बेलापूर बुद्रुक का खुर्द हे कळल्याशिवाय ते जीपमध्ये पाय ठेवणार नव्हते. आम्ही म्हटलं, गावात गेल्यावर मांडव दिसेलच. ते म्हणाले, मांडव दोन्ही गावांत असतील, तिथीच तशी आहे. मग त्यांनी वधूपित्याला फोन लावला. तो बिचारा वरातीच्या गडबडीत. त्यानं दोनदा कापला, तिसऱ्यांदा बंदच केला. शेवटी मुलीच्या मावशीचा नंबर मिळवून "बुद्रुक" हा शब्द ऐकल्यावर स्वारी आत बसली. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. शेजारच्या खुर्दमध्ये त्या दिवशी खरंच एक लग्न होतं, हे त्यांनी मठ्ठा पिताना मला तीन वेळा सांगितलं.

आता काम. ते सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आमच्याकडे दोन मुख्य तक्ते होते. एक गावांचा. त्यात प्रत्येक गावाला एक नंबर. दुसरा पेशंटांचा. त्यात पेशंटचं नाव, वय, डोळ्याचं दुखणं, आणि गावाच्या जागी गावाचं नाव न लिहिता नुसता तो नंबर. म्हणजे एक ओळ दुसऱ्या ओळीला बांधलेली. गावोगावच्या शिबिरांतून कागदी रजिस्टरं यायची आणि मी ती संगणकात भरायची. आठवड्याभरात मला नेहमीच्या गावांचे नंबर पाठ झाले. राहुरीचा अमुक, घोडेगावचा तमुक. बघायचीही गरज नाही, टाक नंबर, पुढचा पेशंट. मी झपाट्यानं काम उरकत होते आणि स्वतःवर खूश होते.

सरांनी मागून पाहिलं आणि दिवसभराचं सगळं पुसायला लावलं.

नंबर हातानं टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. नंबर विचारून घ्यायचा. म्हणजे पेशंटची ओळ घालताना, त्याच हुकमाच्या पोटात कंस करून दुसरा सवाल लिहायचा, आणि त्या सवालानं गावाच्या तक्त्यात जाऊन नंबर आणायचा. हा हुकूम ते इंग्रजीत टाईप करत आणि तोंडानं मराठीत म्हणत. मोठ्यानं. "पेशंटच्या तक्त्यात घाल. नाव हे, वय हे, आणि गावाचा नंबर... थांब, कंस. गावाच्या तक्त्यात जा, गाव घोडेगाव, तालुका नेवासा, तिथला नंबर उचल. कंस पुरा. आता घाल." प्रत्येक पेशंटला हे. खिडकीबाहेर रांगेत उभे असलेले पेशंट आत डोकावून बघायचे, आणि मी कुठंतरी दुसरीकडं बघायची.

"कंस आधी," हे त्यांचं पालुपद. शाळेत गणितात शिकवतात ना, आधी कंस सोडवा, तसं. पण ते त्यांनी गणितात ठेवलं नाही. कँटीनमधून चहा मागवायचा तरी आधी कोण बिनसाखरेचा, कोण कॉफी, कोण उपासाचं, हे खोलीखोलीत जाऊन विचारायचं, मग एकदम सांगायचं. तोवर कँटीनच्या मावशींचा पहिला चहा उकळून काळा झालेला असे. मला बघायला पाहुणे येणार म्हणून मी रजा मागितली, तर म्हणाले, मुलाची बदलीची नोकरी आहे का ते आधी विचारलंस का? कंस सोडवल्याशिवाय पोहे कशाला करता? मी त्या वेळी त्यांना मनात जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलाची नोकरी बदलीची निघाली ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या बाबतीत सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच होती. चक्रम माणूस निदान चुकायला तरी हवा. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आजूबाजूच्या कचेऱ्यांत धावपळ उडाली. आता हजारो पेशंटांच्या ओळी बदलाव्या लागणार, रात्र होणार म्हणून मी दोन डबे आणले होते. सरांनी जिल्ह्याच्या तक्त्यातली एक ओळ बदलली. एकच. नाव नवं, नंबर तोच. बाकी सगळ्यांनी तो नंबर धरलेला, त्यामुळे सगळीकडे आपोआप अहिल्यानगर झालं. मग ते हात धुऊन जेवायला बसले. पुढचा आठवडाभर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती, आणि माझा दुसरा डबा त्यांनीच संपवला.

आता ते सांगते, जे सांगायला इतका वेळ लावला.

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावला शिबिर झालं होतं. रजिस्टर माझ्याकडे आलं ते संध्याकाळी. माझी शेवगावची एसटी सव्वापाचची, त्यानंतर थेट गाडी नव्हती. मी भराभरा भरत होते. कंसातला सवाल आता माझ्या बोटांना सवयीचा झाला होता. फक्त तालुका लिहायचा मी कंटाळा करत असे, कारण बहुतेक गावं एकेकच होती आणि नुसत्या नावावर नंबर मिळून जाई. शेवटून दुसरं पान. एक आजी, वय सत्तरीच्या घरातलं, उजवा डोळा पूर्वीच गेलेला, डाव्याला काचबिंदू. डॉक्टरांनी पुढं लाल शाईनं लिहिलं होतं, दाब फार, आठवड्याच्या आत आणा. गावाच्या रकान्यात शिबिरातल्या कार्यकर्त्यानं लिहिलं होतं, कोल्हार.

त्याचीही चूक म्हणवत नाही. त्या भागात कोल्हार म्हणजे एकच कोल्हार. राहात्यातल्यांनाही कोल्हार म्हणजे त्यांचंच. आणि खुर्दवाले तर खुर्द कधीच सांगत नाहीत. आपल्या गावाला स्वतःच्या तोंडानं धाकटं कोण म्हणेल?

मी कंसात नुसतं कोल्हार लिहिलं. संगणकानं लाल अक्षरांत अडवलं. आतल्या सवालाला एकापेक्षा जास्त ओळी मिळतात, त्यातली कुठली घेऊ, असा त्याचा अर्थ. पाच वाजून गेले होते. सर माझ्यापासून दहा पावलांवर बसले होते, चष्मा कपाळावर, पेन्सिलीला टोक करत. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. विचारलं असतं तर आधी मी तालुका का लिहीत नाही यावर बोलणं झालं असतं. मग तीन कोल्हार, दोन देवी, रेल्वे टपालातला एखादा किस्सा. सव्वापाचची गाडी त्या तीन कोल्हारांत कुठंतरी गेली असती. संगणकाचं तोंड बंद करायचा एक उपाय असतो. कंसाच्या शेवटी लिमिट वन लिहायचं. म्हणजे कितीही ओळी मिळोत, पहिली हाती लागेल ती घे आणि गप्प बस. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला सांगितलं होतं की या खोलीत हे दोन शब्द लिहायचे नाहीत. मी लिहिले. ओळ गेली. मी पर्स उचलली आणि गाडी पकडली. खिडकीची जागाही मिळाली.

पेशंटना आणायला आमची गाडी गावोगाव जायची. कुठं जायचं ती यादी संगणकातून निघायची, गावाच्या नंबरावरून. गाडी चालवायचे रफिकभाई, सज्जन माणूस. ते यादीप्रमाणे राहात्याच्या कोल्हारला गेले. स्टँडवर, ग्रामपंचायतीत, चहाच्या टपरीवर आजींचं नाव घेऊन विचारलं. कोणी ओळखेना. फोन लावला तर लागेना. त्यांनी कागदावर "गैरहजर" लिहिलं आणि बाकीचे पेशंट घेऊन परत आले. तो कागद नोंदणी खिडकीवर पडून राहिला. आमच्या खोलीत आला तो पुढच्या गुरुवारी सकाळी.

गैरहजरांचे कागद सर नेहमी वाचत. कशाला वाचतात, असं मला वाटे. त्या दिवशी वाचता वाचता ते थांबले.

"हे आडनाव भगवतीच्या कोल्हारात नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी रजिस्टर मागितलं. शिबिराचं ठिकाण तिसगाव. राहात्याकडचं माणूस डोळे तपासायला तिसगावला कशाला जाईल? त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि अगदी हळू विचारलं, "लिमिट वन?"

मी मान डोलावली. मला वाटलं, आता सुरू होईल. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि रफिकभाईंना हाक मारली. मला म्हणाले, चल.

करंजी घाटातून जाताना ते एक शब्द बोलले नाहीत. वाटेत कितीतरी गावांच्या पाट्या गेल्या, एकीबद्दलही नाही. मी पहिल्यांदाच देवाला म्हणाले की या माणसाला बोलू दे. काहीही. कुठल्या गावाचं खुर्द कुठं आहे ते तरी. पण ते काचेतून समोर बघत होते.

कोल्हारच्या स्टँडवर एका झाडाखालच्या कट्ट्यावर आजी बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी. आम्ही नाव घेतलं तशा उठल्या, हात पुढं करून चाचपडत. "आली का गाडी," म्हणाल्या. रफिकभाईंनी त्यांचा हात धरला आणि किती दिवस वाट बघताय, असं विचारलं.

"आठ रोज झालं. सकाळच्याला येती आन् दुपार झाली की घराकडं जाती. शिबिरातली पोरगी म्हन्ली व्हती, गाडी यील, उपाशीपोटी बसायचं. म्हून बसले. ल्योक ऊसतोडीला गेलाय, फोन बी त्याच्याकडंच हाय."

पिशवीत लुगडं होतं आणि फडक्यात बांधलेली भाकरी. ऑपरेशन झाल्यावर खायला म्हणून त्या रोज नवी भाकरी करून आणत होत्या. आठ दिवस उपाशीपोटी. मी गाडीत त्यांच्या शेजारी बसले. सर पुढं बसले होते, मागं वळून पाहिलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की रडू आलं. एकदा ओरडले असते तर मी मोकळी झाले असते.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. डॉक्टरांनी नंतर आम्हाला आत बोलावलं. दाब उतरलाय, म्हणाले, पण काचबिंदूत जी नजर गेली ती परत येत नाही. आठवड्याभरापूर्वी आणलं असतं तर पुष्कळ वाचली असती. आता धुकं थोडं निवळेल, बस. हे ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत, कारण त्यांना माहीत नव्हतं. सर हे सगळं ऐकत होते आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सरांनी मला तिथं उभं राहायला सांगितलं. मी आजींच्या समोर उभी. डॉक्टरांनी विचारलं, समोर काय दिसतंय?

आजी बराच वेळ बघत राहिल्या. "हाय कोनतरी," म्हणाल्या. "बाई हाय का बाप्या, त्ये न्हाई कळत."

मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. कंस, तक्ता, पहिली ओळ, यातलं त्यांना काय समजणार? मी म्हटलं, "आजी, मी. तुमचं गाव माझ्याकडून चुकलं. म्हणून गाडी आली नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. "गाव कुटं चुकतंय बाई," म्हणाल्या. "त्ये हाय तिथंच हाय. तू नको जिवाला लावून घेऊ."

मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून रडले. जरा वेळानं सर आले. माझ्यापासून थोडं अंतर ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आता मात्र बोलतील, असं वाटलं. मी ऐकायला तयार होते. तीन कोल्हार, दोन देवी, नियम, टपाल, सगळं.

"मी विश्वस्तांना लिहून दिलंय, विभागाची चूक झाली म्हणून," ते म्हणाले. "तुझं नाव मी घातलेलं नाही. घालायचं असेल तर तू घाल."

मी म्हटलं, घालते. आणि मग माझ्यानं राहवेना. मी जवळजवळ ओरडलेच, की सर, तुम्ही मला एक शब्दसुद्धा का बोलला नाहीत?

ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले.

"त्या संध्याकाळी तुझ्यापुढं लाल अक्षरं आली ती मी पाहिली होती," ते म्हणाले. "वाटलं, आता विचारशील. मी दहा पावलांवर होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलं नाहीस." त्यांनी चष्मा घातला. "मला कोणीच काही विचारायला येत नाही. का येत नाही, ते मला ठाऊक आहे."

मला म्हणायचं होतं, तसं काही नाही सर. पण त्यांचं म्हणणं खरं होतं.